दाभोळच्या खाडीवर चार इंची सुरी

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. मुलाची दहावीची परीक्षा आटोपली होती. मे महिन्यात दाभोळला मामूंच्या वाडीवर जायचं, दोन रात्री खाडीकाठी झाडाखाली झोपायचं, असं ठरलं होतं. एके दुपारी दारात पार्सल आलं. मुलाने ते घाईघाईने आपल्या खोलीत नेलं, पण आईच्या नजरेतून सुटलं नाही. खोक्यातून निघाला एक काळाकुट्ट सुरा. पाठीवर करवतीसारखे दात, मुठीच्या टोकाला होकायंत्र, मूठ आतून पोकळ. सहलीसाठी म्हणून त्याने ईदीच्या पैशांतून मागवला होता.

पत्नी रागावली नाही. ती घाबरली. मला एवढंच म्हणाली, "आपल्या पोराच्या बॅगेत हे सापडलं, तर आंबे कापायला नेलं होतं हे कोण ऐकून घेणार आहे?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते वीस वर्षं जुनं होतं आणि मी ते मुलाला कधी सांगितलं नव्हतं. मी बी.एड. करत होतो तेव्हा बकरी ईदच्या आदल्या दिवशी अब्बांची सुरी धार लावून आणायला गेलो होतो. धारवाल्याने ती वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. मी ती पिशवीत टाकून एस.टी. स्टँडवर उभा राहिलो. त्या दिवशी बंदोबस्त होता. पिशवी तपासली गेली, नाव विचारलं गेलं, आणि पुढचे चार तास मी एका बाकावर बसून होतो. ओळखीचे एक गुरुजी आले, त्यांनी शब्द टाकला, तेव्हा सुटलो. कुणी मारलं नाही, शिवी दिली नाही. पण स्टँडवरच्या माणसांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती अजून आठवते.

ही हकिकत त्या संध्याकाळी मी मुलाला सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे आपण सुरी न्यायचीच नाही का, अब्बा?"

मी म्हटलं, "न्यायची. पण कुठली, किती मोठी, कुठे आणि कशी न्यायची, हे माहीत असायला हवं."

पट्टी आणि कायदा

सगळ्यात आधी आम्ही शाळेची पट्टी घेऊन तो सुरा मोजला. पातं दहा इंच भरलं. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या शस्त्रांच्या यादीत येतात. घरगुती, शेतीच्या किंवा कारखान्याच्या कामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. कोयता, विळी, खाटकाची सुरी यांना म्हणून कुणी परवाना मागत नाही. पण हा सुरा कुठल्या घरगुती कामाचा, हे आम्हा दोघांनाही सांगता येईना.

छोट्या सुरीलाही मोकळं रान नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त ठरावीक मुदतीसाठी सुऱ्या, काठ्या, लाठ्या घेऊन फिरायला मनाई करू शकतात. सणासुदीला, निवडणुकीत असे आदेश निघतात आणि वर्तमानपत्रात छापूनही येतात. घरातून निघण्याआधी तेवढं पाहून घ्यावं. विमानात सुरी हातातल्या सामानात चालत नाही, ती खाली जाणाऱ्या सामानात टाकावी लागते.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येत सुरीसुद्धा आहे, आणि परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात शिरता येत नाही. म्हणजे कळसूबाई-हरिश्चंद्रगड, कोयना अशा अभयारण्यांत भटकायला जाताना सुरी घरी ठेवलेली बरी. आमचा बेत खासगी वाडीवर राहण्याचा होता, त्यामुळे तिथे अडचण नव्हती.

तो सुरा आम्ही परत पाठवला. पाठवण्याआधी मुठीचं टोपण फिरवून मुलाला आत पाहायला लावलं. पोकळ मुठीत पात्याचं पोलाद जेमतेम बोटभर गेलेलं होतं. बाकी सगळा डौल.

लोहारकाकांच्या भात्यापाशी

दापोलीच्या वाटेवर एका गावात एक लोहार आहेत. अब्बांच्या कोयत्या त्यांच्या वडिलांनी घडवलेल्या. आता भाता गेला, विजेचा पंखा आला, पण ऐरण तीच आहे. मुलाला घेऊन तिथे गेलो. सलाम-नमस्कार झाला, चहा झाला. काकांनी मुलाला विचारलं, "काय काय कापणार तू?"

मुलाने यादी सांगितली: दोरी, मासे, फणस, कैरी, चुलीला बारीक काटक्या. काका हसले. "मग तुला तळहाताएवढं पातं पुरे. मोठ्या कामाला कोयता आहे. सुरीने कोयत्याचं काम करायला गेलास की बोट जातं, नाहीतर सुरी जाते."

सुरी निवडण्याचं सगळं शास्त्र या दोन वाक्यांत आलं. तरी वाचकांसाठी थोडं उलगडून सांगतो.

पातं साडेतीन ते चार इंच असावं. याहून लांब पात्याचं टोक आपल्या ताब्यात राहत नाही, आणि बारीक कामात टोकच लागतं. जाडी अडीच ते तीन मिलिमीटर पुरते. जाड पातं दणकट दिसतं, पण कांदा कापताना तो चिरत नाही, फाकवतं. पाठ सपाट हवी, दात नकोत, कारण लाकूड कापताना अंगठा त्या पाठीवर टेकवावा लागतो. मूठ चार बोटं भरून पकडता यावी आणि पात्याकडे तिला थोडा उंचवटा असावा. मासे साफ करताना हात ओला असतो, उंचवटा नसेल तर बोटं घसरून धारेवर जातात.

मिटणारा चाकू का नको? खिशाला तो सोयीचा, हे खरं. पण त्याच्या सांध्यात वाळू, खवले, मिठाचं पाणी शिरतं, साफ करणं कठीण होतं. आणि जोर दिल्यावर खटका सुटला तर पातं आपल्याच बोटांवर मिटतं. स्थिर पात्याच्या सुरीला सांधाच नाही. धुवा, पुसा, म्यानात घाला.

पोलादाचे ढोबळ दोन प्रकार. स्टेनलेस गंजायला वेळ लागतो, म्हणून खाडी-समुद्राकाठी निष्काळजी माणसाला तेच बरं. साधं पोलाद गंजतं, पण साध्या दगडावर झटकन धार धरतं. तयार घ्यायची असेल तर स्वीडनमधल्या मोरा गावच्या सुऱ्या जगभर वापरल्या जातात. त्या दिसायला अगदी साध्या, प्लास्टिकच्या मुठीच्या असतात, पण कामाला चोख. आम्हाला मात्र काकांच्या हातचीच हवी होती.

काकांनी ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचा तुकडा घेतला. भट्टीत लाल करून घणाने लांबवला, पातळ केला. मग कानस चालली. आकार आल्यावर पुन्हा तापवून तेलात बुडवला. मुलाने विचारलं, पाण्यात का नाही? "या पोलादाला पाणी दिलं तर तडकतं," काका म्हणाले. तेलातून निघालेलं पातं काचेसारखं ठिसूळ असतं. म्हणून ते घासून चकचकीत केलं आणि हळूहळू परत तापवलं. वाळल्या गवताच्या काडीसारखा पिवळट रंग पात्यावर चढला, तसं बाजूला काढलं. कडकपणा थोडा उतरला, चिवटपणा आला. मुलाने हे सगळं डोळे विस्फारून पाहिलं. दहावीच्या विज्ञानात धातूंचा धडा होता, पण तो मला त्या दिवशी प्रथमच समजलेला दिसला.

पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत नेलं, दोन्ही अंगांना शिसवाच्या पट्ट्या लावल्या आणि पितळी खिळ्यांनी ठोकून बसवल्या. म्यान बाजारातल्या चांभारकाकांनी चामड्याचं शिवून दिलं.

खाडीकाठी

दाभोळला पोहोचलो तेव्हा असरची वेळ होती. शाही मशीद खाडीच्या अगदी काठावर आहे. दगडी बांधकाम, मोठा घुमट, चार कोपऱ्यांना मिनार. गावात तिला अंडा मशीदही म्हणतात. ती १६५९-६० च्या सुमाराची, विजापूरच्या आदिलशाही काळातली. मक्केला निघालेल्या आयेशा बीबी नावाच्या शहजादीचा प्रवास इथे अडला आणि बरोबर आणलेली रक्कम तिने मशिदीवर खर्च केली, अशी आख्यायिका आहे. बहमनी आणि आदिलशाही काळात दाभोळ हे मोठं बंदर होतं. हजला जाणारे इथून गलबतात बसत. रशियन प्रवासी अफनासी निकितिन पंधराव्या शतकात परतीच्या वाटेवर याच बंदरातून निघाला. १५०८ च्या डिसेंबरात पोर्तुगीजांनी हे शहर जाळलं. आज इथे होड्या, सुकत घातलेली जाळी आणि पलीकडे धोपाव्याला जाणारी फेरीबोट एवढंच दिसतं. नमाज झाल्यावर मुलांना हे सांगत काठावर उभा राहिलो. कधीकाळी गजबजलेलं बंदर असं निवांत पाहिलं की दुनियेच्या डौलाचा हिशेब आपोआप होतो.

मामूंची वाडी गावाच्या वर, खाडीच्या आतल्या अंगाला. काजू, आंबा, दोन मोठे फणस. मामूंच्या कमरेला आकडी आणि आकडीत कोयता, वयाच्या सत्तरीतही. त्यांनी मुलाची सुरी हातात घेतली, पाठीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "बरी आहे. आता हिला काम दे."

पहिलं काम मासळीचं. शेजाऱ्याच्या जाळ्यात बोय सापडले होते. धाकटीने शेपटाकडून डोक्याकडे सुरीची पाठ घासत खवले काढले. धारेने नव्हे, पाठीने. मग मुलाने पोट उघडलं. टोक आत खुपसायचं नाही, धार वर ठेवून फक्त कातडी उचलत न्यायची, म्हणजे आतडं फुटत नाही आणि कडवटपणा मांसाला लागत नाही. घाण पाण्यात टाकायला तो काठाकडे निघाला तेव्हा मामूंनी हाक मारून थांबवलं. वाशिष्ठीत मगरी आहेत. काठावर मासे साफ करायचे नाहीत, आतडी तिथे टाकायची नाहीत. खड्डा काढून पुरायची. सुरी चालवण्याआधी जागा पाहावी, हा धडा आम्हाला असा मिळाला.

दुसरं काम चुलीचं. मनगटाएवढ्या जाडीची वाळकी काटकी उभी धरून तिच्यावर सुरी ठेवायची आणि दुसऱ्या लाकडाने पात्याच्या पाठीवर हलके ठोके द्यायचे. काटकी पात्याच्या लांबीहून जाड नको, मध्ये गाठ नको. अशा चिरफळ्या झाल्या की चूल पहिल्या काडीला पेटते. जाड ओंडके मामूंनी कोयत्याने फोडले. ओली फांदी मात्र कुणी तोडायची नाही, हे मामूंचं फर्मान होतं. वाळकं जमिनीवर भरपूर पडलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी फणस. पात्याला आणि हातांना खोबरेल चोपडल्याशिवाय फणसाला हात लावू नये, हे कोकणात सांगायला नको. पण मुंबईच्या वाचकांसाठी लिहून ठेवतो, नाहीतर तो चीक दोन दिवस सोबत करतो. कैऱ्या कापल्यावर पात्यावर निळसर-काळे डाग पडले आणि मुलाचा चेहरा पडला. मी सांगितलं, कैरीच्या आंबटपणाने साध्या पोलादाला असा रंग चढतो, तो गंज नव्हे. उलट हा थर थोडंफार गंजापासून वाचवतो. लाल गंज दिसला तर मात्र राखेने घासून काढायचा. रोज रात्री सुरी गोड्या पाण्याने धुवायची, कोरडी करायची, खोबरेलाचं बोट फिरवायचं. खाडीच्या हवेत मीठ असतं आणि चामडं ओल धरतं, म्हणून मुक्कामाला पोहोचलो की सुरी म्यानाबाहेर ठेवायची.

एकदाच कापलं, तेही मलाच. दोरी स्वतःकडे ओढत कापत होतो. शिकवणाऱ्याची चूक. धाकटीने स्वच्छ फडकं दिलं, मी दहा मिनिटं दाबून धरलं. दर मिनिटाला उचलून पाहायचं नाही, नाहीतर धरलेलं रक्त पुन्हा सुटतं. मुलगा काही बोलला नाही, पण पुढची दोरी त्याने माझ्या हातून घेतली.

धार आणि अदब

रात्री कंदिलाच्या उजेडात धार लावायला बसलो. बोथट सुरी जास्त धोक्याची, कारण तिला जोर लागतो आणि जोर घसरतो. कोन कसा धरायचा? भूमिती आठवा. ओल्या दगडावर सुरी काटकोनात उभी धरा. तो कोन निम्मा करा. पुन्हा निम्मा करा. तोच कोन दोन्ही अंगांना राखायचा. एका अंगाने घासत राहिलं की दुसऱ्या अंगाला बारीक खरखर बोटाला जाणवते. ती आली की बाजू बदलायची. आधी भरड दगड, मग बारीक, शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर उलट्या दिशेने दहा-बारा हात. धार कागदावर पाहावी, अंगठ्यावर नाही.

मामू ऐकत होते. ते म्हणाले, "हे झालं लोखंडाचं. अदब सांगितलीस का?" आणि त्यांनी स्वतःच सांगितली. मशिदीतून किंवा बाजारातून बाण घेऊन जाणाऱ्याने त्यांची टोकं हातात धरावीत, म्हणजे कुणाला इजा होणार नाही, अशी रसूलुल्लाह (स.) यांची ताकीद आहे. उघडी तलवार एकमेकांच्या हाती देण्यास मनाई आहे. भावाकडे थट्टेतही हत्यार रोखू नये. जिबह करण्याआधी धार नीट करावी, जनावराला त्रास देऊ नये. हदीसच्या ग्रंथांत हे आहे आणि आपण ते लहानपणापासून ऐकतो. पण ते सुरी हातात असताना ऐकलं की वेगळं वाटतं.

मी त्याला वर्गातल्या नियमांची जोड दिली. सुरी देताना मूठ पुढे, आणि समोरच्याने 'घेतली' म्हटल्यावरच हात सोडायचा. हात लांब करून फिरवला तर जेवढं वर्तुळ होईल त्यात दुसरं कुणी नको. बसून कापताना मांड्यांच्या मध्ये कापायचं नाही, तिथे मोठी रक्तवाहिनी आहे. चालताना सुरी म्यानात. हातातून पडली तर पकडायला जायचं नाही, पाय मागे घ्यायचा. मातीत-वाळूत खुपसायची नाही, डबा उघडायला किंवा कालवं उचकटायला टोक वापरायचं नाही.

तिसऱ्या दिवशी फेरीबोटीने धोपाव्याला उतरून अंजनवेलचा गोपाळगड पाहायला निघालो. मी काही सांगण्याआधी मुलाने कमरेची सुरी काढली, म्यानासकट जेवणाच्या डब्यांच्या पिशवीत तळाला ठेवली, वर ताटल्या आणि आंबे रचले. वर्दळीच्या जागी सुरी कमरेला लावायची नाही, कागदात गुंडाळायची नाही. तिच्या कामाच्या सामानासोबत ठेवायची. कुणी विचारलंच, तर न लपवता, न घाबरता सांगायचं. बोटीवर कुणी विचारलं नाही. गडाच्या जांभ्या दगडाच्या तटावर पोरांनी टोकदार काहीतरी घेऊन नावं कोरलेली होती. मुलगा त्या नावांसमोर थांबला आणि म्हणाला, "यांना कुणी शिकवलं नसेल." खंदकाच्या कडेने चालत आम्ही दीपगृहाच्या बाजूला आलो, समुद्र पाहत आंबे खाल्ले, साली पिशवीत भरून परतलो.

आज या गोष्टीला वर्ष होईल. मुलगा आता अकरावीत आहे. त्या वर्तमानपत्रातल्या सुरीची हकिकत त्याने पुन्हा कधी काढली नाही, मीही नाही. मात्र परवा बकरी ईदच्या तयारीत तो अब्बांची जुनी सुरी धार लावायला घेऊन बसला, तेव्हा मला बाहेर धारवाल्याकडे जावं लागलं नाही.

आणि चार इंची सुरी? ती ज्या आईला नको होती, तिच्याच ओट्यावर असते. लिंबू, भाजी, मासळी, सगळं तिनेच होतं. सहलीला निघताना आम्हाला ती मागून घ्यावी लागते, आणि परत आल्यावर आधी विचारणा होते, "धुऊन आणलीत ना?"